दोन गावांचा मास्तर

झांडव्हीनमधल्या म्हाताऱ्यांसाठी लामर्ट ओस्टिंग फुटबॉलचा गोली होता, त्यांच्या पोरांसाठी मास्तर. टपाल मात्र दोन्ही पिढ्यांना त्यानंच वाटलं. सायकलीला दोन्ही अंगांनी थैल्या, डोक्यावर टोपी आणि वाकड्यातिकड्या बोटांच्या चिमटीत पत्रांचा गठ्ठा. उजव्या हाताची करंगळी बाहेर पळालेली, डाव्याची मधली दोन बोटं एकमेकींवर चढून बसलेली. असल्या हातांनी त्यानं उभा जन्म दारांच्या फटींतून पत्रं सरकवली, पण एकाचं पत्र दुसऱ्याच्या घरात कधी पडलं नाही.

बाप बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात होता. हंगाम लागला की कालव्याला फेस यायचा, आणि गावाला असा वास की लग्नाची तारीख काढताना लोक आधी कारखाना कधी बंद होतो ते बघायचे. लामर्ट नऊ वर्षांचा असताना शाळेच्या संघातल्या गोलीला गालगुंड झालं. शाळेच्या मास्तरांनी रांगेतल्या पोरांचे हात बघितले आणि म्हणाले, "ह्याच्या हाताला फावडी लावल्यात देवानं. ह्याला उभा करा." आईनं लोकरीचे हातमोजे विणून दिले. ते पावसात भिजून दोन दोन शेराचे झाले आणि पहिल्याच सामन्यात पोरानं सात गोल खाल्ले.

घरी बाप बटाटे सोलत बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "किती गेलं?"

"सात."

"आलं किती हुतं?"

पोरानं मनाशी आठवून बघितलं. "अकरा."

"मग चार अडवलंस की," बाप म्हणाला आणि पुढचा बटाटा उचलला.

खेळाबद्दल बापाच्या तोंडून निघालेला हा एवढाच चांगला शब्द. लामर्टनं तो जन्मभर पुरवून पुरवून वापरला.

विसाव्या वर्षी शहरातल्या क्लबचे दोन साहेब त्याला न्यायला आले. आईनं कॉफी दिली, डबा उघडून एकेक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. साहेब मोठमोठं बोलत होते. आईनं एवढंच विचारलं, "तिथं ह्याच्या जेवणाचं कोण बघतंय?" तिकडं तो नऊ वर्षं राहिला. सकाळी शहरात टपाल वाटायचं, दुपारी सराव करायचा आणि रविवारी बाकावर बसायचं. राखीव गोली म्हणजे वरातीतला दुसरा घोडा. सजायचं, चालायचं, वर कुणी बसत नाही. पहिल्या गोलीला त्या नऊ वर्षांत साधी सर्दीसुद्धा झाली नाही. लामर्टचे सामने भरले चौदा.

पण बाकावर बसून त्याला एक विद्या आली. चेंडू मारणाऱ्याच्या पायाकडे सगळं जग बघतं, हा दुसऱ्या पायाकडे बघायचा, जो जमिनीवर रोवलेला असतो त्याच्याकडे. तो पाय सांगतो चेंडू कुठं जाणार ते. एकोणतिसाव्या वर्षी गुडघा गेला, क्लबनं फुलांचा गुच्छ दिला, आणि गडी ही विद्या घेऊन गावाकडं परतला. फटकळ पण मनानं साफ अशी रूल्फीन त्यानं तिकडं असतानाच बायको केली होती. तिचा बाप कालव्यावरचा पूल बोटींसाठी वर-खाली करायचा. "माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याला वाट दिली, आन नवऱ्यानं दुसऱ्याला जागा दिली," असं ती चारचौघांत म्हणायची. लामर्ट हसायचा.

मग त्यानं संघ शिकवायच्या मास्तरकीची परीक्षा दिली आणि गावोगावचे संघ धरले. ह्या धंद्याची रीत सालगड्यासारखी. ऐन हिवाळ्यात, नाताळाच्या आत-बाहेर, पुढचं साल ठरतं. कमिटीची माणसं मास्तराच्या स्वयंपाकघरात येऊन बसतात आणि राहतोस का जातोस ते तोंडावर विचारतात. जायचं ठरलं तर तो त्याच आठवड्यात दुसऱ्या गावाला शब्द देऊन मोकळा होतो. पुढं उन्हाळ्यापर्यंत पाच-सहा महिने एका गावाचं मीठ खायचं आणि दुसऱ्या गावाला शब्द दिलेला, असं चालतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. अठरा वर्षांत लामर्टनं सात गावं केली. आपलं झांडव्हीन तेवढं राहिलं होतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं गावानं त्याला कधी विचारलं नाही.

त्याचं एक होतं. त्याच्या पोटात काही राहायचं नाही. गुरुवारी सराव संपला की शनिवारचे अकरा जण तो कँटीनच्या दारावर लिहून लावायचा. समोरच्या गावची माणसं येऊन वाचून जायची. कुणी म्हणालं, "मास्तर, झाकून ठेवा की जरा," तर म्हणायचा, "वाचून त्यास्नी खेळता यायला लागलं तर वाचू दे." एकदा एका पोराची आई टपाल घ्यायला दारात आली आणि तिनं आपल्या पोराला संघातून का काढलं म्हणून विचारलं.

"शनवारी त्यो पळत न्हाई," लामर्ट म्हणाला.

"का पळत न्हाई?"

"शुक्करवारी पितो म्हणून. हे घे, विजेचं बिल आलंय."

असल्या माणसावर लोक चिडतात, पण त्याच्या शब्दावर घर बांधतात.

आणखी एक काम तो बुधवारी संध्याकाळी करायचा, फुकट. आसपासच्या सगळ्या गावांचे गोली झांडव्हीनच्या मैदानावर जमायचे आणि तो त्यांना शिकवायचा. संघाला मास्तर असतो, गोलीला कोण असतं? त्याला खांबांच्या मध्ये उभा करून बाकीचे दहा चेंडू घेऊन लांब पळतात. तेव्हा गोलींची जात वेगळी, आणि ह्या जातीत गावकी चालत नाही, असं लामर्टचं म्हणणं. झांडव्हीनचा गोली एग्बर्ट पाच वर्षं बुधवार चुकला नव्हता. बत्तीस वर्षांचा गडी, पावाची गाडी चालवायचा, बोलायला कमी.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात झांडव्हीनच्या क्लबचा अध्यक्ष बेरेंड लामर्टच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. लामर्टचं तेव्हा शेजारच्या एल्सब्रूकमध्ये तिसरं साल चालू होतं. कालव्याच्या कडेनं अकरा किलोमीटर, आणि तिथलं टपालही त्याच्याच फेरीत. बेरेंडनं कॉफी ढवळली, पुन्हा ढवळली.

"आमच्या मास्तराला नारळ दिला," तो म्हणाला. "उन्हाळ्यापास्नं मोकळा हाय गाव."

"बरं."

"तू पन्नाशीचा झालास."

"ते मला टपालानं कळलंय."

"तवा म्हटलं, मरायच्या आदी आपल्या गावाला काय शिकीवतोस का."

रूल्फीन भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "अठरा वर्सं काय बोट कालव्यात अडकली हुती व्हय, बेरेंड?"

लामर्टनं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी टपालाच्या फेरीत त्यानं एल्सब्रूकच्या कर्णधाराला, टीमनला, ते सांगितलं. टीमन गाई पाळायचा. धारेच्या यंत्रापासून उठला, हात पुसले आणि म्हणाला, "घरला चाललाय म्हंजे बोलायला जागा न्हाई. पर जायच्या आदी आमाला वर चढवा."

आता पुढचं ऐका. एल्सब्रूक खालच्या वर्गात होतं आणि त्या साली झकास खेळलं. झांडव्हीन एक पायरी वर होतं आणि तिथं त्याची पार दशा झाली. हंगाम संपल्यावर खालच्या वर्गातले वर चढू बघणारे आणि वरच्या वर्गातले घसरू बघणारे ह्यांची एकमेकांशी गाठ घालतात. एक सामना. जिंकेल तो वर, हरेल तो खाली.

जोड्या ठरायच्या आदल्या बुधवारी एग्बर्ट सरावाला आला तेव्हा त्याचा डावा अंगठा वांग्यासारखा झाला होता.

"काय केलंस?"

"गाडीच्या दारात गावला."

लामर्टनं अंगठा हातात घेऊन हळूच दाबला. एग्बर्ट पांढराफटक पडला, पण तोंडातून आवाज काढला नाही.

"मोडलाय ह्यो. फोटो काढ."

"सामना झाला की काढतो. दुसरा गोली कोण हाय आमाला?"

दुसरा गोली कुणी नव्हता हे लामर्टलाही माहीत होतं. त्यानं आपल्या हातानं अंगठ्याला पट्टी बांधली, पंजाशी जखडून टाकली आणि वरून हातमोजा कसा चढवायचा ते दाखवलं. सोमवारी जोड्या लागल्या. एल्सब्रूक विरुद्ध झांडव्हीन. शनिवारी, तिसऱ्याच गावच्या मैदानावर.

लामर्टनं ती बातमी वाचली आणि कोरा चेहरा करून टपाल वाटायला गेला. त्या दिवशी एक पत्र चुकीच्या घरात जाता जाता राहिलं.

रात्रीच्या जेवणाला रूल्फीननं केल नावाची हिवाळी पालेभाजी घालून घोटलेला बटाटा केला होता. जूनमध्ये ते कुणी करत नाही, पण त्याला आवडतं म्हणून केला. त्यानं सॉसेज तसंच ठेवलं तेव्हा तिनं काटा खाली ठेवला.

"बोल."

त्यानं अंगठ्याचं सांगितलं. "एल्सब्रूकनं मला तीन वर्सं पोसलं. टीमनला ठावं पाहिजे समोरच्या गोलीचा डावा हात गेलाय ते. माझं कामच हाय ते."

"मग सांग."

"अंगठा माझ्या हातात दिला त्यानं, रूल्फीन. गोली म्हणून दिला. त्येला काय म्हाईत हुतं सोमवारी काय निगंल ते."

"मग सांगू नको."

"म्हंजे एल्सब्रूकचं खाऊन झांडव्हीनची राखण. पुढल्या सालच्या मालकासाठी."

तिनं सॉसेज त्याच्याकडं सरकवलं. "सांगितलंस तर गोलींच्या जातीतनं उठलास. न्हाई सांगितलंस तर हारामखोर झालास. तुला पचंल ते कर. पर काय करायचं ते आदी ठरीव. तिथं उबं ऱ्हाऊन ठरवू नको, तुजं त्वांड लगी वाचता येतंय."

त्यानं ठरवलं, गप राहायचं. जन्मात पहिल्यांदा.

शनिवारी सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत तो झांडव्हीनच्या एकेका खेळाडूविषयी बोलला. हा डाव्या पायानं मारतो, तो मागं फिरायला वेळ लावतो. दहा जण झाले आणि तो थांबला. अकराव्याविषयी काही बोललाच नाही. टीमन बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर करून मास्तराकडं बघितलं आणि पुन्हा नाडी बांधायला लागला.

दोन्ही गावं झाडून मैदानाभोवती उभी होती. पहिल्या अर्ध्यात एल्सब्रूकनं कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर डोक्यानं गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात झांडव्हीननं फेडला. एग्बर्टनं सगळे उंच चेंडू मुठीनं ठोसून लांब घालवले, एकही धरला नाही. लोकांना वाटलं, वाऱ्यामुळं करतोय. लामर्ट रेषेवर उभा होता आणि दर ठोशाला त्याच्याच हातातून कळ जात होती. जादा वेळ झाला, गोल झाला नाही. पेनल्ट्या आल्या.

एल्सब्रूकची पोरं मास्तराभोवती गोळा झाली. चिखलानं माखलेली, धापा टाकणारी. ह्यांच्या घरी त्यानं वाढदिवसाच्या गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून केक खाल्ला होता. दोघांच्या लग्नाला गेला होता.

टीमन म्हणाला, "मास्तर. पाच वर्सं शिकीवलंय त्येला तुमी. त्येच्या कुठल्या हाताला मारायचं?"

थेट प्रश्न होता, आणि थेट प्रश्नाला थेट उत्तर न देणं त्या मुलखात थुंकल्यासारखं असतं.

"डाव्या," लामर्ट म्हणाला. "अंगठा मोडलाय त्येचा. त्येच्या डाव्या हाताला, खाली, खांबाला लागून मारा. पंजा घट्ट होणार न्हाई."

एवढं बोलून त्यानं बुटांकडं बघितलं. तिकडं गोलाच्या रेषेवर एग्बर्ट उभा होता, आणि तो घोळक्याकडं बघत होता.

झांडव्हीननं पहिली पेनल्टी मारली, गोल. एल्सब्रूकचा पहिला गडी धावत आला, त्यानं सांगितल्यासारखा चेंडू हाणला. पण मारणाऱ्यानं पाय उचलायच्या आत एग्बर्ट डावीकडं झेपावला होता. डावा हात अंगाखाली घेतला आणि उजव्या पंजानं आडवा अडवला. दुसऱ्या फेरीत झांडव्हीनचा गोल. एल्सब्रूकच्या गड्याचा पाय घसरला आणि चेंडू भलतीकडं, उजवीकडं गेला. गोल. तिसऱ्या फेरीत झांडव्हीनच्या पोरानं आडव्या खांबावरून आभाळात उडवला. एल्सब्रूकचा पुन्हा डावीकडं, आणि एग्बर्टच्या कोपरावर. चौथ्यात झांडव्हीनचा गोल. तीन-एक. आता टीमन चुकला तर संपलं. टीमननं मास्तराकडं एकदा बघितलं आणि त्याच्या शब्दाला जागला. डावीकडं, खाली, खांबाला लागून, दणकून. चेंडू मोडक्या अंगठ्यावरच बसला आणि बाहेर गेला. एग्बर्टच्या तोंडून बैलाच्या हंबरण्यासारखा आवाज निघाला. मग झांडव्हीनचं गाव त्याच्यावर कोसळलं.

लोक बाजूला झाले तेव्हा एग्बर्ट खांबाला टेकून बसला होता. त्याला हातमोजा काढता येत नव्हता. लामर्ट गेला, गुडघे टेकले आणि खिशातल्या कात्रीनं मोजा कापायला लागला.

"तुला कसं कळलं?" त्यानं विचारलं.

"तू सांगणार त्ये ठावं हुतं," एग्बर्ट म्हणाला. "इचारलं की सांगतोस तू. मग बुटाकडं बघितलंस. म्हटलं, सांगितलं ह्येनं."

"एक बी उजवीकडं मारला असता तर?"

"मारला की एक. गेला न्हवं तो."

कात्री चालू होती. दोघांची डोकी जवळ होती. ही गोष्ट तीनशे माणसांनी मैदानाच्या कडेनं बघितली: एल्सब्रूकचा मास्तर, पुढल्या सालचा झांडव्हीनचा मास्तर, झांडव्हीनच्या गोलीपाशी बसून कानात काहीतरी बोलतोय. आणि तो गोली दर वेळी डावीकडंच गेला होता, चेंडू सुटायच्या आत.

सोमवारी लामर्ट टपाल घेऊन एल्सब्रूकला गेला. तिकडं सकाळी भेटलं तरी 'मोय', दुपारी भेटलं तरी 'मोय'. कुत्र्यालासुद्धा माणसं 'मोय' म्हणतात. त्या दिवशी चोवीस घरांत त्याला एकच मोय मिळाला, तोही दोन वर्षांच्या पोरीचा. बेकरीसमोर एक बाई दुसरीला मोठ्यानं म्हणाली, "नव्या मालकाकडं जायच्या आदीच चाकरीला लागला बघ."

लामर्टनं तिचं पत्र तिच्या हातात दिलं आणि पुढं गेला.

ते त्याला सोसवलं असतं. पण संध्याकाळी बेरेंड आला. खुशीत होता, एका कागदात ईलमासे घेऊन आला होता, धुरावलेले, चकचकीत.

"गावाच्या वतीनं," तो म्हणाला आणि डोळा मारला. "बोलायचं न्हाई आमी. पर इसरणार बी न्हाई."

"काय इसरणार न्हाई?"

"आता मलाच काय सांगतोस. एग्बर्टला इशारा केलास त्यो."

लामर्ट उठून उभा राहिला. रूल्फीननं ईलमासे उचलले, पुन्हा कागदात गुंडाळले आणि बेरेंडच्या मांडीवर ठेवले. "आमच्यात चोरीचं मासं खात न्हाईत," ती म्हणाली. "मांजर बी खात न्हाई."

त्या रात्री लामर्टला एवढंच दिसत होतं: एका गावानं त्याला विकाऊ म्हणून वाळीत टाकलं होतं, आणि दुसऱ्या गावाला तो विकाऊ म्हणूनच हवा होता. ज्या गावात मास्तर व्हायला अठरा वर्षं वाट बघितली तिथं तो चोर म्हणून जाणार होता, आणि लोक पाठ थोपटणार होते.

शुक्रवारी एल्सब्रूकला हंगाम संपल्याचं जेवण होतं. कँटीनच्या मागं निखाऱ्यावर मांस भाजायचं आणि जाणाऱ्या मास्तराला निरोप द्यायचा. रूल्फीन म्हणाली, "नको जाऊस, आपमान करतील." तो म्हणाला, "तीन वर्सं जेवलो तिथं. शेवटचं बी जेवतो," आणि सायकल काढली.

त्याच्या बाकावर कुणी येऊन बसलं नाही. त्यानं ताटलीत डुकराची फोड घेतली आणि खात बसला. अध्यक्षांनी निरोपाचं भाषण केलं ते दोन वाक्यांचं, त्यातलं एक हवामानावर. मग टीमन हातात बियरचा पेला घेऊन समोर येऊन उभा राहिला.

"इचारतो एकदाच," टीमन म्हणाला. "एग्बर्टला तुमी सांगितलं का?"

"न्हाई. तुमास्नी सांगितलं."

"मग त्येला कळलं कसं?"

"पाच वर्सं वळखतो मला. मला इचारलं की मी सांगतो, एवढं त्येला ठावं हाय. तुमी घोळका केला, मी त्वांड उघडलं, बुटाकडं बघितलं. मी त्येच्या जागी असतो तर मी बी डावीकडंच गेलो असतो."

टीमननं पेल्यातला एक घोट सावकाश घेतला. गाई पाळणाऱ्याला घाई नसते.

"म्हंजे तुमी उजवीकडं सांगायला पायजे हुतं."

लामर्टनं ताटली खाली ठेवली. "व्हय," तो म्हणाला. "ते मला सुचलं न्हाई."

मागून कुणीतरी फिस्स करून हसलं. मग जो घसरला होता, ज्याचा एकटाच गोल गेला होता, तो म्हणाला, "मी मास्तराचं ऐकलं न्हाई म्हणून तर गेला माझा." आता जास्त जण हसले. टीमन हसला नाही. पण बाकावर बसला, पेला मास्तरापुढं सरकवला आणि आपल्यासाठी दुसरा आणायला सांगितला. सगळ्यांना पटलं असं नाही. कँटीन सांभाळणारी बाई आजसुद्धा म्हणते की तिनं इशारा डोळ्यांनी बघितला. तिचं घर सामन्याच्या मैदानापासून कोसभर लांब आहे आणि त्या दिवशी ती भाचीच्या बारशाला गेली होती.

झांडव्हीनचं काम अवघड होतं. तिथं पुढच्या आठवड्यात सभासदांची सालाची सभा होती. छपराच्या दुरुस्तीवर अर्धा तास गेला, कँटीनच्या पाळ्यांवर त्याहून जास्त. मग बेरेंड म्हणाला, "आता नव्या मास्तराची वळख करून द्यायचं कारण न्हाई," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या दणक्यात वाजवल्या. लामर्ट टाळ्या संपेपर्यंत उभा राहिला.

"टाळ्या कशापायी त्ये ठावं हाय मला," तो म्हणाला. "म्हणून सांगतो. एग्बर्टला मी कायबी इशारा केला न्हाई. त्येचा अंगठा मोडलाय हे मी एल्सब्रूकला सांगितलं. कुठं मारायचं त्ये बी सांगितलं. तुमास्नी खाली ढकलायचा जेवढा जमंल तेवढा उद्योग मी केला, कारण जूनच्या तीस तारखेपातूर मी त्येंचा. तुमचा गोली माझ्यापरीस शाणा निघाला म्हणून वाचलात. आता ज्येला दुसरा मास्तर पायजे आसंल त्येनं बोलावं, मी उठून जातो."

बेरेंड टेबलाकडं बघत होता. एग्बर्ट प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत होता. त्याला विचारायचं कुणाला धैर्य झालं नाही, आणि तो आपणहून बोलणारा नव्हता. कोपऱ्यातून म्हातारा वुब्बे, ज्यानं सत्तर वर्षं बटाटे काढले आणि कमिटीच्या प्रत्येक ठरावाला विरोध केला, काठी टेकत उठला.

"म्हंजे तू आमाला पाडाय गेलास," तो म्हणाला.

"व्हय."

"समोरच्या गोलीचा हात मोडका. तुला ठावं."

"व्हय."

"आन तरी हारलास."

"व्हय."

"मग मास्तर म्हणून तुझ्यात दम काय?"

सभा हसून फुटली. हसताना एका म्हातारीचा चष्मा कॉफीत पडला. लामर्टनं हसू येऊ दिलं नाही. त्यानं विचार केला आणि खरं उत्तर दिलं. "त्ये पुढल्या साली बघूया." मतं घेतली. एकोणीस जण विरोधात गेले, त्यांत वुब्बे पहिला. बत्तीस बाजूनं. बेरेंडनं हात कधी वर केला आणि कधी खाली घेतला ते कुणालाच दिसलं नाही.

पुढल्या साली ते बघायला मिळालं. झांडव्हीन पडलं. पेनल्टी नाही, गाठ नाही, काही नाही. एप्रिलमध्येच तळाला जाऊन बसलं आणि मे महिन्यात खालच्या वर्गात गेलं. एग्बर्टच्या अंगठ्यात पहिल्यासारखी ताकद आली नाही, पुढच्या फळीत पळणारं कुणी नव्हतं, आणि सोळा सामने हरल्यावर लामर्टच्या त्या विद्येचा कुणाला उपयोग होईना. सोमवारी तो टपाल वाटायला निघाला तेव्हा दारोदार त्याला ऐकावं लागलं. गोली चांगला शिकवतो पण संघ बांधायची अक्कल नाही. बदली खेळाडू उशिरा उतरवतो. ह्यापेक्षा आधीचा बरा होता. वुब्बे तर फाटकापाशी वाटच बघत होता.

"गाढव हायस तू, लामर्ट," तो म्हणाला. "ठार गाढव."

"व्हय," लामर्ट म्हणाला. त्यानं वुब्बेचं वर्तमानपत्र त्याच्या हातात दिलं आणि सायकलीवर टांग मारली.

घरी आल्यावर त्यानं रूल्फीनला सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं ते घरागणिक. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "सामना विकलास म्हणून कोण म्हटलं का?"

"न्हाई," तो म्हणाला. "कोणच न्हाई म्हटलं." आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.